ऊन टाळणं सिगारेटइतकं घातक? एका गाजलेल्या पेपरची झडती

"ऊन टाळणं हे सिगारेट ओढण्याइतकंच घातक आहे." हे वाक्य तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेलं असेल. बहुधा उगवत्या सूर्याच्या चित्रासकट आणि 'स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' या शेपटीसकट. आपण संशोधनात शिरू पाहणारी माणसं. असं काही आलं की आपल्याला दोन मोह होतात. एक म्हणजे लगेच पुढे ढकलणं, आणि दुसरा म्हणजे 'काहीतरी थाप असणार' म्हणून डिलीट करणं. मला दुसरा मोह जास्त वाईट वाटतो, कारण तो हुशारीसारखा दिसतो. या वाक्यामागे खरंच एक पेपर आहे, आणि तो टाकाऊ नाही. म्हणूनच जर्नल क्लबसाठी मी कुणालाही पहिला हाच पेपर सुचवेन. टाकाऊ पेपर फाडून काही शिकता येत नाही. बऱ्या पेपरमध्ये नेमका कुठे पाय घसरतो ते बघण्यात खरी तालीम होते.

तर, पेल्ले लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर २०१६ साली 'जर्नल ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. त्याच डेटावरचा त्यांचा आधीचा पेपर त्याच जर्नलमध्ये २०१४ साली आला होता, आणि दोन्ही सोबत वाचायला हवेत. १९९० ते १९९२ या काळात दक्षिण स्वीडनमधल्या २५ ते ६४ वयाच्या २९,५१८ स्त्रियांनी एक प्रश्नावली भरून दिली. अभ्यास मुळात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी उभा केला होता. पुढची साधारण २० वर्षं या स्त्रियांपैकी कोण गेलं, कशाने गेलं, याची नोंद होत राहिली. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असतो आणि मृत्यूच्या नोंदी चोख असतात, त्यामुळे 'पत्ता बदलला, सापडल्या नाहीत' हा आपल्याकडचा नेहमीचा रडगाण्याचा भाग तिथे जवळपास नसतो. ही या अभ्यासाची मोठी ताकद आहे. टीका करण्याआधी ती मान्य करा.

२०१४ च्या पेपरपर्यंत २,५४५ मृत्यू झाले होते. ऊन टाळणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा दर सर्वाधिक ऊन घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाला. २०१६ च्या पेपरने याच गोष्टीची आणखी फोड केली. ऊन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने आणि 'हृदयविकार नाही, कर्करोगही नाही' अशा इतर कारणांनी होणारे मृत्यू कमी होते. त्या जास्त जगल्या, आणि जास्त जगल्यामुळेच त्यांच्या मृत्यूंमध्ये कर्करोगाचा वाटा वाढलेला दिसला. हा भाग छान आहे. माणूस एकदाच मरतो, त्यामुळे एका कारणातून वाचलेला दुसऱ्या कारणाच्या रांगेत उभा राहतो. हे ध्यानात न घेता 'ऊन घेणाऱ्यांत कर्करोग जास्त' एवढंच सांगितलं असतं तर ते अर्धसत्य झालं असतं. मग ते गाजलेलं वाक्य येतं: धूम्रपान न करणाऱ्या पण ऊन टाळणाऱ्या स्त्रियांचं आयुर्मान हे धूम्रपान करणाऱ्या पण भरपूर ऊन घेणाऱ्या स्त्रियांइतकंच निघालं. म्हणून ऊन टाळणं हा धूम्रपानाच्या तोडीचा धोका.

आता प्रश्न असा, की 'ऊन' कशाने मोजलं?

पेपर वाचताना ॲबस्ट्रॅक्टवरून थेट निष्कर्षावर उडी मारायची सवय आपल्या सगळ्यांना असते. नेटच्या तयारीत तर तेवढाच वेळ असतो. पण इथे मेथड्सचा भाग उघडला की कळतं, ऊन मोजायला त्यांनी कुठलंही यंत्र वापरलं नव्हतं. चार प्रश्न होते. उन्हाळ्यात तुम्ही किती वेळा ऊन खात पडता? हिवाळ्यात, म्हणजे डोंगरावर सुटीला वगैरे गेल्यावर, ऊन घेता का? टॅनिंगच्या दिव्याखाली झोपता का? पोहायला आणि ऊन खायला परदेशी सुटीवर जाता का? शेवटी उत्तरं हो आणि नाही या दोनच खणांत टाकली. चारही नाही असतील तर ती स्त्री 'टाळणारी'. एक-दोन हो असतील तर 'मध्यम', तीन किंवा चार असतील तर 'सर्वाधिक'.

हे चार प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा. मग सूर्याकडून त्वचेपर्यंत काय येतं ते त्यांच्या शेजारी मांडून बघू.

सूर्यप्रकाश ही एक वस्तू नाही. अतिनील किरणांपुरतं बोलायचं तर २८० नॅनोमीटरच्या खालचे किरण, ज्यांना यूव्हीसी म्हणतात, ते वातावरणातला ऑक्सिजन आणि ओझोन वरच्या वर खाऊन टाकतात. २८० ते ३१५ चा पट्टा म्हणजे यूव्हीबी. तोही ओझोन बराचसा गिळतो, थोडा खाली येतो. ३१५ ते ४०० म्हणजे यूव्हीए, जो बराचसा तसाच खाली पोचतो. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीबीचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. पण गंमत आणि घात, दोन्ही याच पट्ट्यात जास्त आहेत. त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. यूव्हीबीचा फोटॉन लागला की त्याचं एक कडं तुटतं आणि व्हिटॅमिन डीचं पूर्वरूप तयार होतं. हे घडवण्यात सर्वांत तरबेज किरण २९५ ते ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे. आणि त्वचा भाजवणारे, डीएनएमध्ये शेजारशेजारच्या दोन थायमिनांना चुकीच्या जागी चिकटवणारे किरणही त्याच आसपासचे. म्हणजे 'व्हिटॅमिन देणारं ऊन' वेगळं आणि 'कर्करोग करणारं ऊन' वेगळं, अशी सोयीची वाटणी निसर्गाने केलेली नाही.

पण दोन्हींचा आलेख सारखा चढत नाही, आणि या लेखातला मला सर्वांत आवडणारा मुद्दा हाच आहे. व्हिटॅमिनचं पूर्वरूप एका मर्यादेपर्यंतच साठतं. मूळ रेणूंपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांचं रूपांतर झालं की तोच प्रकाश या पूर्वरूपालाही मोडू लागतो, त्यातून ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल असे व्हिटॅमिन म्हणून निरुपयोगी रेणू बनतात, आणि हिशोब तिथेच थांबतो. म्हणून कितीही उन्हात बसलं तरी उन्हाने व्हिटॅमिन डीची विषबाधा होत नाही. डीएनएची जखम मात्र अशी थांबत नाही. मिनिटांमागून मिनिटं ती वाढत जाते. पेशीकडे बिघडलेला तुकडा कापून नवा बसवणारी यंत्रणा आहे, पण तिलाही वेळ लागतो. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक आजारात ही यंत्रणाच मोडलेली असते, आणि त्या मुलांना लहानपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. ही यंत्रणा रोज किती काम करते, ते या मुलांकडे बघून कळतं. थोडक्यात, पहिल्या काही मिनिटांचा नफा आणि पुढच्या तासाचा तोटा हे दोन वेगळे आकडे आहेत. जो अभ्यास 'थोडं' आणि 'खूप' एकाच 'हो'मध्ये बांधतो, त्याला हा फरक दिसूच शकत नाही.

आता त्या चार प्रश्नांकडे परत या. टॅनिंगच्या दिव्यातून येणारे किरण बहुतांशी यूव्हीए असतात. दक्षिण स्वीडनमधलं लुंड शहर ५५ अंश उत्तरेच्याही वर आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की यूव्हीबीला वातावरणातून फार लांबचा तिरका रस्ता कापावा लागतो आणि त्वचेत व्हिटॅमिन डी जवळपास बनतच नाही. १९८८ साली वेब, क्लाइन आणि हॉलिक यांनी दाखवलं होतं की ४२ अंशांवरच्या बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि ५२ अंशांवरच्या एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च हे रूपांतर बंद असतं. परदेशी सुटी म्हणजे दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरचा भरपूर यूव्हीबी. म्हणजे एका प्रश्नात मुख्यतः यूव्हीए, एकात हिवाळ्याचं फिकं ऊन, एकात कडक ऊन, एकात घरच्या उन्हाळ्याचं ऊन. चौघांना सारखाच एक गुण. परीक्षेत भौतिकशास्त्र, चित्रकला, पोहणं आणि हजेरी यांचे गुण मिळवून 'हुशारी' काढावी तसं हे झालं.

मग हे चार प्रश्न काही मोजतच नाहीत का? मोजतात की, आणि फार नीट मोजतात. फक्त ते ऊन नव्हे. विचार करा, हिवाळ्यात डोंगरावर सुटीला कोण जातं? जिचे गुडघे धड आहेत, जी स्कीइंग करते, जिला सोबत आहे. परदेशी पोहायला कोण जातं? जिच्याकडे पैसे आहेत, रजा आहे, जिला दम लागत नाही, जिला पोहण्याच्या कपड्यांत किनाऱ्यावर वावरायला संकोच वाटत नाही. आणि चारही प्रश्नांना 'नाही' कोण म्हणतं? कुणी उन्हाची ॲलर्जी असलेली, कुणी आपणहून सावलीत राहणारी. पण कुणी आधीच आजारी असलेली, कुणी नैराश्यात घराबाहेर न पडणारी, कुणी घरातल्या आजारी माणसाला सोडून जाऊ न शकणारीही. शेवटच्या तिघींची तब्येत ऊन न मिळाल्याने बिघडली, की तब्येत आणि परिस्थितीने त्यांचं ऊन तोडलं? पहिल्या प्रकाराला आपण कार्यकारणभाव म्हणतो, दुसऱ्याला उलटा कार्यकारणभाव. प्रश्नावलीत दोघींचं उत्तर एकच येतं.

तुम्ही म्हणाल, लेखकांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. त्यांनी शिक्षण, उत्पन्न, लग्नाची स्थिती, धूम्रपान, आधीचे आजार अशा गोष्टी गणितात धरल्या. आणि पेपरमध्ये स्वतःच मान्य केलं की सक्रिय ऊन घेण्याची सवय आणि एकंदर निरोगी राहणीमान यांना आम्ही वेगळं करू शकत नाही, आणि निरीक्षणात्मक अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. हे वाक्य तुमच्या फोनवरच्या मेसेजमध्ये नव्हतं. पण मला लेखकांना पूर्ण सोडूनही द्यायचं नाही. मर्यादांच्या परिच्छेदात 'वेगळं करू शकत नाही' म्हणायचं आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये 'धूम्रपानाच्या तोडीचा धोका' असं लिहायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. ॲबस्ट्रॅक्ट हजारो लोक वाचतात, मर्यादा रिव्ह्यूअर वाचतो. हे सगळ्यांना माहीत असतं.

'गणितात धरलं' या शब्दांवरही थोडं थांबा, कारण तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. एखादा घटक मॉडेलमध्ये टाकला म्हणजे त्याचा परिणाम धुऊन निघाला, असं होत नाही. जेवढं मोजलं तेवढंच धुतलं जातं. 'उत्पन्न' या रकान्यात वारशाने मिळालेलं घर येत नाही, 'आजार' या रकान्यात अजून निदान न झालेला थकवा येत नाही. उरलेला मळ निष्कर्षात तसाच राहतो. हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, याची किंमत एकदा मोजून झालेली आहे. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या अमेरिकी स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं मोठमोठे निरीक्षणात्मक अभ्यास वर्षानुवर्षं सांगत होते. त्यांतही शिक्षण, धूम्रपान, वजन सगळं गणितात धरलं होतं. मग 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ने १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, आणि २००२ साली हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. हृदयविकार कमी होणं दूरच, हार्मोनच्या गटात तो थोडा जास्त निघाला. पुढे वय काय होतं, हार्मोन कधी सुरू केले, यावर बराच वाद झाला आणि तो वाचण्यासारखा आहे. पण मुद्दा हा, की हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळातच सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. ऊन खायला परदेशी जाणाऱ्या स्वीडिश बाईंची त्यांच्याशी लांबची नातेवाईक म्हणून ओळख करून द्यायला हरकत नाही.

उन्हाच्या बाबतीत असा प्रयोग झाला नाही का? अर्ध्या लोकांना २० वर्षं अंधारात ठेवता येत नाही, त्यामुळे थेट नाही. पण तुकड्या-तुकड्याने झाला आहे. ऊन जर व्हिटॅमिन डीमुळे आयुष्य वाढवत असेल, तर गोळीनेही काहीतरी दिसायला हवं. 'व्हायटल' या अमेरिकी चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी सरासरी पाच वर्षांहून थोडं जास्त काळ दिलं. कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकाराचे झटकेही नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या 'डी-हेल्थ'मध्ये साठीच्या पुढच्या २१,३१५ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं दर महिन्याला ६०,००० युनिटचा डोस दिला. हो, तोच साठ हजारांचा डोस जो आपल्याकडे पुडीतून दुधात घालून घेतात. मृत्यू कमी झाले नाहीत. या चाचण्यांवरही आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: भाग घेणाऱ्या बहुतेकांची पातळी आधीपासून बरी होती, भरलेल्या हंड्यात पाणी ओतून काय दिसणार? ज्यांची पातळी खरोखर तळाला आहे त्यांच्या हाडांना व्हिटॅमिन डी लागतंच, मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याचा आजार यांबद्दल कुणाला शंका नाही. पण 'ऊन, मग व्हिटॅमिन डी, मग दीर्घायुष्य' ही सरळ साखळी मधल्या कडीत कमजोर आहे, एवढं नक्की.

मग दुसरी कडी असू शकते. एडिनबरोचे त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर यांचं म्हणणं असं, की त्वचेत नायट्रेटसारख्या रूपात साठलेला नायट्रिक ऑक्साईड यूव्हीएमुळे मोकळा होतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. २०१४ साली त्यांच्या गटाने २४ निरोगी लोकांवर दिवे लावून हे दाखवलं. मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यात उष्णता वेगळी काढली होती, म्हणजे 'ऊब मिळाली म्हणून दाब उतरला' हा सोपा आक्षेप आधीच हाताळला होता. पण २४ लोक आणि काही मिनिटं यांवरून २० वर्षांच्या मृत्यूंपर्यंतचा पूल बांधता येत नाही. कल्पना जिवंत आहे, इतकंच म्हणू. लिंडक्विस्ट यांचा निष्कर्ष चूक आहे असं मी म्हणत नाहीये, हे यावरून लक्षात आलं असेल. उन्हाचा हृदयाला काही फायदा असेलही. या चार प्रश्नांतून तो कळू शकत नाही, एवढंच माझं म्हणणं.

धोक्याच्या बाजूला मात्र एक खरा प्रयोग झाला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावात १९९२ ते १९९६ दरम्यान १,६२१ रहिवाशांना वाटून निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. स्क्वॅमस सेल प्रकारचे त्वचेचे कर्करोग साधारण ४० टक्क्यांनी कमी झाले, बेसल सेल प्रकारात फरक पडला नाही. प्रयोग संपल्यानंतर दहा वर्षांनी मोजलं तेव्हा मेलानोमा एका गटात ११ जणांना, दुसऱ्यात २२ जणांना. आकडे लहान आहेत, पण ते चिठ्ठीने वाटलेल्या गटांतले आहेत. नीट बघा: इथेही सगळे कर्करोग एकसारखे वागले नाहीत, आणि संशोधकांनी तसं सरळ सांगितलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना पहिल्या वर्गातलं कर्करोगकारक ठरवलं १९९२ मध्ये, म्हणजे स्वीडनमध्ये त्या प्रश्नावल्या भरून होत होत्या तेव्हाच. टॅनिंगच्या दिव्यांचा नंबर २००९ मध्ये लागला. लिंडक्विस्ट यांच्या गुणांकनात मात्र त्या दिव्याखाली झोपणं ही 'सक्रिय ऊन घेण्याची' एक पायरी आहे.

आता सिगारेटचं बघू, थोडक्यात. याच डेटात ऊन टाळल्याने आयुर्मानात किती फरक? पेपरच सांगतो: ०.६ ते २.१ वर्षं. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून ५० वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा आयुष्यभर धूम्रपान करत राहिलेल्यांचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी कमी निघालं. दोन्ही आकडे थेट वजा करू नका, एक पाठपुरावा २० वर्षांचा आणि दुसरा जवळपास आयुष्यभराचा आहे. पण 'सिगारेटइतकं' हा शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात डॉल यांची १० वर्षं असतात, लिंडक्विस्ट यांचं सव्वा-दीड वर्ष नव्हे. तुलनेसाठी घेतलेला माप ओळखीचा असला की त्याची वजनं कुणी तपासत नाही. तसंच 'मृत्यूचा दर दुप्पट' आणि 'लोकसंख्येतल्या मृत्यूंपैकी साधारण ३ टक्के याला जोडता येतील' हे दोन्ही आकडे २०१४ च्या एकाच ॲबस्ट्रॅक्टमध्ये आहेत. मेसेजमध्ये कुठला जाईल, सांगायला नको.

हे सगळं स्वीडनमध्ये. आपण पुण्यात, १८.५ अंशांवर. इथे मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो, ज्याला जागतिक आरोग्य संघटना 'टोकाचा' म्हणते. दक्षिण स्वीडनचा भर उन्हाळ्यातला आकडा साधारण निम्म्यावर असतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे तेवढंच व्हिटॅमिन डी बनायला आपल्याला जास्त वेळ लागतो आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे बराच कमी दिसतो. पण डोळ्याच्या भिंगाला त्वचेच्या रंगाची ढाल मिळत नाही. मोतीबिंदूमागे अतिनील किरण हे एक कारण आहे, आणि स्वीडिश गुणांकनात डोळा नावाची गोष्टच नाही.

जाता जाता 'कोवळं ऊन'. तो मेसेज वाचून तुमच्या घरातलं कुणी सकाळी सातला गच्चीवर बसत असेल तर बसू द्या, मन प्रसन्न होतं. पण व्हिटॅमिन डीसाठी बसत असतील तर हिशोब चुकतोय. सूर्य क्षितिजाजवळ असताना यूव्हीबीचा रस्ता लांब होतो, म्हणजे स्वीडनच्या हिवाळ्याचीच छोटी आवृत्ती आपल्याकडे रोज सकाळी होते. तिरुपतीला ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलच्या कुप्या दिवसभर तासातासाने उन्हात ठेवून केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक रूपांतर ११ ते २ या वेळात झालं, म्हणजे भाजण्याच्या आणि उष्माघाताच्याच वेळात. म्हणून 'काही मिनिटं, हातपाय उघडे, मग सावलीत' हे रटाळ उत्तर येतं. ते फॉरवर्ड होत नाही.

समजा, तुम्हाला हा प्रश्न घेऊन सिनॉप्सिस लिहायचा आहे. पहिला मोह होईल तो ती प्रश्नावली भाषांतरित करून वापरण्याचा, कारण ती 'प्रकाशित' आहे आणि गाईडला संदर्भ दाखवता येतो. करू नका. उसाच्या फडात कोयता घेऊन उभ्या असलेल्या बाईला 'तुम्ही ऊन खायला जाता का' असं विचारून बघा, ती तुमच्याकडे कशी बघेल. ती चारही प्रश्नांना 'नाही' म्हणेल आणि स्वीडिश पद्धतीने 'ऊन टाळणारी' ठरेल! उलट हातमोजे, स्कार्फ आणि गॉगल घालून स्कूटीवर जाणारी पुण्याची मुलगी वर्षातून एकदा गोव्याला जाते म्हणून 'मध्यम' गटात बसेल.

पण याच विसंगतीत एक चांगला प्रबंध दडलेला आहे. स्वीडनमध्ये जास्त ऊन म्हणजे जास्त पैसा, जास्त रजा, जास्त तब्येत. आपल्याकडे जास्त ऊन म्हणजे बहुतेकदा कमी पैसा. तिसरा घटक इथे उलट्या दिशेने ओढतो. २०११ साली ब्रियाँ आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती स्तनपानाच्या बाबतीत वापरली. इंग्लंडमध्ये सुस्थितीतल्या आया जास्त काळ अंगावर पाजतात, ब्राझीलच्या पेलोटास शहरात तसा संबंध नव्हता. मग इंग्लंडमध्ये दिसणारे फायदे पेलोटासमध्ये टिकतात का ते पाहिलं. बुद्ध्यंकाचा संबंध दोन्हीकडे टिकला. रक्तदाब आणि वजनाचा संबंध फक्त इंग्लंडमध्ये होता, म्हणजे तो बहुधा दुधाचा नव्हे, घराच्या परिस्थितीचा होता. उन्हाचा हृदयाला फायदा खरा असेल, तर तो ऊसतोड करणाऱ्या, भातलावणी करणाऱ्या स्त्रियांमध्येही गरिबीच्या ओढीविरुद्ध कुठेतरी डोकं वर काढायला हवा. तिथेही दिसला तर लिंडक्विस्ट यांची बाजू आज आहे त्याहून कितीतरी भक्कम होईल, आणि नाही दिसला तर आपण काय मोजत होतो ते कळेल.

त्यासाठी ऊन खरोखर मोजावं लागेल. पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर यूव्हीबी पडलं की ती ३३० नॅनोमीटरजवळ जास्त प्रकाश शोषू लागते. तिचा बिल्ला पदरावर किंवा शर्टाच्या कॉलरवर लावायचा, संध्याकाळी काढायचा आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. हे तंत्र १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि असा स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक कॉलेजांच्या रसायनशास्त्र विभागात कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. बिल्ल्यासोबत एक वहीही लागेल: कामाची वेळ, डोक्यावर काय होतं, बाह्या कुठपर्यंत होत्या, सावलीत किती बसलात. प्रश्न चारपेक्षा जास्त होतील, आणि ते विचारायला फडात जावं लागेल, बहुधा दुपारीच.